थोरला भाऊ अजून अंगणातच उभा आहे

तुरुंगातली भेटीची खोली. मधे काच. अलीकडे शिन-ए नावाची एक तरुण विधवा फुलं घेऊन बसली आहे. पलीकडे येऊन बसतो तो माणूस, ज्यानं पैशांसाठी तिच्या एकुलत्या एका मुलाला, जूनला, पळवून नेलं आणि मारून टाकलं. परका कुणी नव्हे. पोरगं त्याच्याच वक्तृत्वाच्या शिकवणीला जायचं. शिन-ए त्याला माफ करायला आली आहे. मुलगा गेल्यावर ती वेडीपिशी झाली होती. मग चर्चमध्ये जायला लागली, तिथं पहिल्यांदा तिला हंबरडा फोडून रडता आलं, आणि हळूहळू वाटायला लागलं की आपण सावरलो. आता एवढंच उरलंय. या माणसाला तोंडावर सांगायचं की मी तुला माफ केलं.

तो माणूस शांत आहे. तब्येतही चांगली दिसतेय. ती देवाबद्दल बोलायला लागते तशी त्याची कळी खुलते. तो म्हणतो, मलाही इथं देव भेटला. गुडघे टेकून, रडून मी माझी पापं त्याच्यापुढं ठेवली आणि त्यानं मला माफ केलं. आता मन कसं हलकं झालंय. तुमच्यासाठीही मी रोज प्रार्थना करतो.

शिन-ए बाहेर येते आणि गाडीपर्यंत पोचायच्या आत कोसळते.

'सीक्रेट सनशाइन' या २००७ सालच्या कोरियन सिनेमातला हा प्रसंग. दिग्दर्शक ली चांग-डोंग. हे गृहस्थ काही काळ दक्षिण कोरियाचे सांस्कृतिक मंत्रीही होते. शिन-एचं काम करणाऱ्या जॉन डो-यॉनला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. सिनेमा पाहिलेल्या बऱ्याच मराठी मित्रमैत्रिणींना मी विचारलं, की ती बाई नेमकी कशानं कोसळली? बहुतेकांचं उत्तर एकच: तो खुनी निर्लज्ज होता म्हणून. पण तो निर्लज्ज नाही. तो खरंच रडला असेल, खरंच बदलला असेल. गोम वेगळीच आहे, आणि ती कळायला ख्रिस्ती श्रद्धेतली क्षमा म्हणजे काय हे थोडं समजून घ्यावं लागतं. एकदा ते कळलं की गेल्या वीसेक वर्षांतले कुटुंबाभोवती फिरणारे अनेक ख्रिस्ती पार्श्वभूमीचे सिनेमे वेगळे दिसायला लागतात.

सुरुवात एका गोष्टीपासून करू. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू एक दाखला सांगतो. एका माणसाला दोन मुलगे. धाकटा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, परमुलखात जाऊन सगळं उधळतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते, तेव्हा घरची आठवण होते. परत येतो. बाप त्याला लांबूनच ओळखतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. अंगावर चांगला झगा, बोटात अंगठी, पायांत पायतण. पोसलेलं वासरू कापलं जातं, वाजंत्री वाजायला लागते. मराठीत हा 'उधळ्या पुत्राचा दाखला' म्हणून ओळखला जातो आणि साधारणपणे सगळे इथवरच सांगतात.

पण गोष्ट पुढं आहे. थोरला मुलगा शेतात असतो. दिवसभर राबून घरी येतो तो आतून गाण्याबजावण्याचा आवाज. गड्याला विचारतो, काय चाललंय? कळतं, आणि त्याचं डोकं फिरतं. तो घरात पाऊल टाकत नाही. बाप बाहेर येऊन विनवण्या करतो. थोरला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मित्रांबरोबर मौज करायला साधं करडू कधी दिलं नाहीत, आणि हा आला तर वासरू कापलंत! बाप म्हणतो, बाळा, जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. पण तुझा भाऊ मेला होता, तो जिवंत झाला. बस्स. दाखला इथंच तुटतो. थोरला आत गेला की नाही, येशू सांगत नाही.

शेतकरी घरातल्या कुणालाही यातली एक गोष्ट लगेच दिसेल. वाटणी आधीच झाली होती. धाकट्याचं धाकट्यानं संपवलं. म्हणजे कापलेलं वासरू हिशेबानं थोरल्याच्या वाट्याचं होतं. बापानं माफ केलं ते प्रेमानंच, पण त्याची किंमत अंगणात उभ्या असलेल्या मुलाच्या खात्यातून गेली, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. जेवण सुरू झाल्यावर त्याला गड्याकडून कळलं.

शिन-ए ही तो थोरला मुलगा आहे. देवानं खुन्याला मिठी मारली, आत मेजवानी सुरू झाली, आणि जिचं पोर गेलं ती फुलं घेऊन दाराशी आली तेव्हा तिला कळलं की क्षमेचा सगळा व्यवहार तिच्याविना उरकलाय. नंतर ती चर्चच्या लोकांना जे विचारते त्याचा मथितार्थ एवढाच: मी अजून माफ केलं नव्हतं, मग माझ्याआधी देवानं कसं केलं?

हा प्रश्न धर्माची थट्टा नाही. तो ख्रिस्ती विचारातला खरा, जुना गुंता आहे. बायबलमध्ये दोन्ही बाजू आहेत. एकीकडे एक्कावन्नावं स्तोत्र. दावीद राजानं उरीयाच्या बायकोशी संबंध ठेवला, मग उरीयाला लढाईत पुढं धाडून मारवलं, आणि पश्चात्ताप झाल्यावर तो देवाला म्हणतो की मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलंय. फक्त तुझ्याविरुद्ध! उरीयाचं काय? दुसरीकडे मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. आधी भाऊ, मग देव. काचेपलीकडल्या माणसानं हा क्रम उलटा केला. खरं तर भावाची पायरी त्यानं गाळलीच, कारण ती आता आपोआप झाली असं त्याला वाटलं.

मराठी वाचकाला हे समजायला एक शब्द फार उपयोगी पडतो: ऋण. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरात येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमा हा शब्द येतच नाही. तिथं म्हटलंय, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' ऋण म्हटलं की प्रश्न सरळ होतो. कर्ज कुणाचं? सोडायचा अधिकार कुणाला? बँकेनं कर्ज माफ केलं तरी शेजाऱ्याकडून घेतलेले उसने पैसे माफ होत नाहीत.

वेगवेगळ्या चर्चपरंपरा हा गुंता वेगवेगळ्या तऱ्हेनं सोडवतात आणि सिनेमे त्याप्रमाणं बदलतात. कॅथलिक चर्चमध्ये पापाची कबुली धर्मगुरूपुढं द्यायची असते. गोव्यात याला कुमसार म्हणतात. त्यात पश्चात्ताप हवा, तोंडानं कबुली हवी आणि नंतर प्रायश्चित्त. शिवाय चर्चची शिकवण अशी की चोरी केली असेल तर वस्तू परत करायची, कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव पुन्हा स्वच्छ करायला झटायचं. धर्मगुरूनं पापमुक्ती दिली तरी ही भरपाई सुटत नाही. प्रोटेस्टंट परंपरेत सोळाव्या शतकापासून भर आहे तो कृपेवर: माणूस काहीही करून देवाची क्षमा कमावू शकत नाही, ती फुकटच मिळते, विश्वासानं घ्यायची. मधे कुणी नाही. शिन-एच्या गावातलं चर्च या दुसऱ्या परंपरेतलं आहे, म्हणूनच तो कैदी आणि देव यांच्यात थेट बोलणं होऊ शकलं. अर्थात प्रोटेस्टंट विचारवंतांनाही यातला धोका दिसत होता. डीट्रिश बॉनहोफर या जर्मन पाळकानं १९३७ साली 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरून ताशेरे ओढले. पश्चात्तापाशिवाय मिळालेली क्षमा, वधस्तंभाशिवाय मिळालेली कृपा, ही चर्चची शत्रू आहे असं त्याचं म्हणणं. पुढं हिटलरविरोधी कटात सामील म्हणून त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिलं गेलं. स्वतः एवढी किंमत मोजलेल्या माणसाच्या तोंडून आलेला शब्द म्हणून तो मला जड वाटतो.

आता शिन-एच्या शेजारी एक आयरिश बाई बसवून पाहा. 'फिलोमिना' हा २०१३ चा सिनेमा फिलोमिना ली यांच्या खऱ्या आयुष्यावर बेतलेला आहे. लग्नाआधी दिवस गेले म्हणून घरच्यांनी तिला ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठात धाडलं, टिपरेरी परगण्यातल्या रॉस्क्रे इथं. १९५२ साली मुलगा झाला. तिथं ती धुलाईघरात राबायची आणि दिवसातून थोडा वेळ पोराला भेटायची. तीन वर्षांचा झाल्यावर त्याला एका अमेरिकन कुटुंबाला दत्तक देऊन टाकलं. पन्नास वर्षं तिनं हे मनात ठेवलं. मग एका पत्रकाराच्या मदतीनं शोध घेतला तेव्हा कळलं, की मुलगा अमेरिकेत मोठा वकील झाला होता, १९९५ मध्ये एड्सनं वारला होता, आणि स्वतः आईला शोधत त्याच मठात येऊन गेला होता. त्याला काही सांगितलं गेलं नाही. मेल्यावर त्याला त्याच मठाच्या आवारात पुरलं होतं, कारण आई कधीतरी इथं येईल अशी त्याची आशा होती.

शेवटी म्हाताऱ्या फिलोमिनासमोर चाकाच्या खुर्चीतली एक वयोवृद्ध जोगीण आहे, जिला आजही वाटतं की त्या मुलींना मिळाली ती पापाची योग्य शिक्षा होती. सोबतचा पत्रकार संतापानं थरथरतोय. आणि फिलोमिना त्या जोगिणीला म्हणते, मी तुम्हाला माफ करते. पत्रकाराला हे पटत नाही, इतक्या सहज? त्यावर ती त्याला बजावते की हे सहज नाही, मला ते फार अवघड जातंय. (ही समोरासमोरची भेट सिनेमानं रचलेली आहे. प्रत्यक्षात ती जोगीण आधीच वारली होती. सत्यकथा म्हणून पाहताना हे लक्षात ठेवावं.)

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. शिन-एच्या बाबतीत ऋणकऱ्यानंच येऊन सांगितलं की माझं कर्ज फिटलं. फिलोमिनाच्या बाबतीत समोरची बाई कर्ज मानायलाच तयार नाही, तरी जिचं येणं आहे ती स्वतःच्या हातानं वही मिटते. आणि माफ केलं म्हणून गप्प बसत नाही.  ती पत्रकाराला म्हणते, छापा, लोकांना कळलं पाहिजे. क्षमा आणि हकिगत लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या साध्या बाईच्या तोंडून येतं, म्हणून ते मनाला भिडतं. आयर्लंडमध्ये लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना ठेवायच्या अशा मातागृहांच्या चौकशीचा अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. तपासलेल्या अठरा संस्थांमध्ये मिळून सुमारे ९,००० मुलं दगावली होती. पंतप्रधानांनी संसदेत देशाच्या वतीनं माफी मागितली. म्हणजे अंगणात उभ्या असलेल्यांपाशी कुणीतरी बाहेर आलं. फार उशिरा, पण आलं.

ख्रिस्ती श्रद्धा आणि घर यांची इतकी गुंतागुंत का होते, याचं एक कारण भाषेतच आहे. देव 'पिता' आहे, येशू 'पुत्र', चर्चमधले सगळे 'भाऊ-बहिणी', धर्मगुरू 'फादर', जोगीण 'सिस्टर'. नात्यांची सगळी नावं चर्चनं उचलली आहेत. त्यामुळं ज्या घरात बाप तापट आहे तिथं मुलाला देवही तापट वाटतो, आणि ज्या घरात आई आणि देव एकाच सुरात बोलतात तिथं आईला उलट उत्तर देणं म्हणजे देवाला उलट उत्तर देणं होतं. त्यात येशूची काही वचनं फार धारदार आहेत: जो माझ्यापेक्षा आई-बापावर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, असं तो मत्तयमध्ये म्हणतो. घरादाराला धरून ठेवणारा धर्म आणि घर सोडून ये म्हणणारा धर्म, दोन्ही एकच.

'स्टेशन्स ऑफ द क्रॉस' या २०१४ च्या जर्मन सिनेमात हीच कात्री एका चौदा वर्षांच्या मुलीवर चालते. दिग्दर्शक डीट्रिश ब्रुगमान आणि त्याची बहीण आना यांनी मिळून पटकथा लिहिली. बर्लिन महोत्सवात पटकथेचं रौप्य अस्वल दोघांना मिळालं. कॅथलिक लोक उपवासकाळात क्रूसाची वाट करतात. रोमन सुभेदार पिलातानं शिक्षा सुनावल्यापासून थडग्यात ठेवीपर्यंत येशूच्या शेवटच्या प्रवासाचे चौदा टप्पे, प्रत्येकापाशी थांबून प्रार्थना. सिनेमाही चौदा टप्प्यांचा आहे. प्रत्येक टप्पा म्हणजे न तोडलेलं एक लांबलचक दृश्य, आणि संपूर्ण सिनेमात कॅमेरा जेमतेम तीनदा हलतो. आपण त्या मुलीसारखेच जागच्या जागी खिळून बसतो.

ही मुलगी मारिया. ती दृढीकरण संस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीची, तयारी करतेय. तिचं कुटुंब कडव्या, जुन्या वळणाच्या कॅथलिक पंथातलं आहे. शाळेतला एक मुलगा तिला गायनवृंदात ये म्हणतो. तिथं बाखबरोबर गॉस्पेल आणि सोल संगीतही गातात. आईच्या लेखी ते सैतानाचं. मारियाचा चार वर्षांचा धाकटा भाऊ बोलत नाही. तिनं मनाशी ठरवलंय की आपला जीव देवाला द्यायचा, म्हणजे भावाला वाचा फुटेल. ती थंडीत स्वेटर काढून ठेवते, जेवण टाकते. आई ओरडते, चूक काढते, पोटच्या पोरीला एक शब्द गोड बोलत नाही. बाप बघत बसतो. घरात कामाला आलेली परदेशी मुलगी तेवढी तिला माया लावते.

इथं क्षमेचा प्रश्न उलटा झालाय. मारियानं कुणाचं काही बुडवलेलं नाही. तरी तिला वाटतं आपण ऋणी आहोत, आणि ते ऋण जीव देऊनच फिटेल. येशूनं सगळ्यांचं ऋण फेडलं असं ज्या धर्माचं मूळ सांगणं, त्याच धर्माच्या नावानं एका पोरीच्या डोक्यावर नवं कर्ज चढवलं गेलं. शेवटी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी भाऊ पहिल्यांदा बोलतो. तो तिचंच नाव उच्चारतो. हा चमत्कार की नुसता योगायोग, दिग्दर्शक सांगत नाही. कफनपेटी निवडताना आई माझी मुलगी संत होती असं सांगत राहते आणि बोलता बोलता तिचा बांध फुटतो. त्या आईचा राग येतो, आणि त्याच क्षणी तिची कीवही येते. मला वाटतं सिनेमाची सगळी ताकद त्या एका क्षणात साठलीय.

आपल्याकडे यायचं तर केरळात जावं लागेल. चेल्लानम हे कोचीजवळचं समुद्रकाठचं गाव, वस्ती लॅटिन कॅथलिक कोळ्यांची. लिजो जोस पेल्लिसेरी यांचा 'ई.मा.यौ.' हा सिनेमा तिथला. २०१८ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा आणि चेंबन विनोद यांना अभिनयाचा, असे दोन रौप्य मयूर त्यानं मिळवले. नाव म्हणजे येशू, मारिया, योसेफ या तीन नावांची आद्याक्षरं. मरणाऱ्या माणसाच्या कानात ही नावं सांगतात. गोव्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी हेच 'जेजू, मारी, जुजे' असं असतं.

गोष्ट अगदी साधी. बाप बऱ्याच दिवसांनी बदक घेऊन घरी येतो. बापलेक दारू पीत बसतात. बाप आपल्या बापाच्या थाटामाटाच्या अंत्ययात्रेच्या आठवणी काढतो. मुलगा ईशी भरात येऊन शब्द देतो, तुमचीही तशीच करीन. बँड लावीन, बिशपला आणीन. त्याच रात्री बाप जातो. खिशात पैसा नाही, बाहेर पाऊस. त्यात गावात कुजबुज की मरण संशयास्पद आहे, आणि गावचा फादर स्वतःच गुप्तहेर बनून दफनाला नकार देतो. शेवटी ईशी भर पावसात घराच्या आवारात स्वतःच बापासाठी खड्डा खणायला लागतो.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. पितृऋण हा आपल्या हाडीमांसी मुरलेला शब्द आहे. बापाला दिलेला शब्द, चार लोकांत होणारी शोभा, कर्ज काढून केलेला तेराव्याचा खर्च, हे सगळं तिथं क्रूस आणि बँडच्या रूपात आहे. ख्रिस्ती असण्याचा भाग कुठं येतो? दारावर. हे ऋण फेडायचं तर स्मशानभूमीची किल्ली चर्चकडे आहे. मुलगा आणि बाप यांच्यातल्या शेवटच्या व्यवहारात तिसरा माणूस उभा राहतो, आणि त्या माणसाच्या मनात क्षमा नाही, चौकशी आहे. संस्था आणि श्रद्धा यांतला फरक इतक्या ओल्या मातीत उभं राहून दाखवणारा दुसरा भारतीय सिनेमा मला तरी आठवत नाही.

आता ज्यांना 'फेथ-बेस्ड', म्हणजे श्रद्धेवर बेतलेले, म्हणतात ते अमेरिकन सिनेमे. जॉर्जिया राज्यातल्या एका बाप्टिस्ट चर्चमधून पुढं आलेले केन्ड्रिक बंधू यात आघाडीवर. त्यांचा 'वॉर रूम' (२०१५) साधारण ३० लाख डॉलरमध्ये बनला आणि एकट्या अमेरिकेत साडेसहा कोटींहून अधिक कमावून गेला. मोडायला आलेलं लग्न; घर विकायला काढलेली एक म्हातारी बाई त्या घरं विकून देणाऱ्या बायकोला शिकवते की नवऱ्याशी भांडू नकोस, कपड्यांची खोली रिकामी कर, तिथं बसून प्रार्थना कर. नवरा सुधारतो. समीक्षकांनी या सिनेमांना फार झोडपलं. कलेच्या दृष्टीनं मलाही ते सपाट वाटतात, आणि मारझोड होणाऱ्या घरातल्या बाईनं हा सल्ला शब्दशः घेतला तर काय होईल या विचारानं अस्वस्थ व्हायला होतं. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवी. त्या नवऱ्यानं कंपनीच्या औषधांचे नमुने लांबवलेले असतात. सुधारल्यावर तो नुसता देवापुढं रडून थांबत नाही; मालकासमोर जाऊन कबूल करतो, तुरुंगात जायची तयारी ठेवतो, भरपाई करतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय म्हणतो ना, की कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करीन, तेच. कोरियन सिनेमातल्या कैद्यानं गाळलेली पायरी या साध्या, उपदेशी सिनेमानं गाळलेली नाही.

श्रद्धा दर वेळी अशी युद्धभूमीच असते असं नाही. 'मिनारी'मध्ये (२०२०) अर्कान्सासमध्ये शेती करायला आलेल्या कोरियन कुटुंबाच्या घरात ती भांड्याकुंड्यांसारखी आहे. आईला चर्च हवं, बापाला विहिरीचं पाणी हवं. शेतावर काम करणारा पॉल रविवारी खांद्यावर भला मोठा लाकडी क्रूस घेऊन रस्त्यानं चालतो, हेच माझं चर्च म्हणतो. छोट्या डेव्हिडच्या हृदयात दोष आहे आणि त्याला स्वर्गाची भीती वाटते. तेव्हा पत्ते खेळणारी, शिव्या देणारी आजी त्याला कुशीत घेऊन म्हणते, मी तुला मरू देणार नाही. त्या आजीला, म्हणजे यून यो-जॉन यांना, ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

हे सगळं आपल्याला परकं वाटत असेल तर लक्ष्मीबाई टिळक आठवाव्यात. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि एका क्षणात त्यांचं घर दुभंगलं. नवरा जिवंत, तरी लक्ष्मीबाईंना माहेरच्या माणसांत त्याच्याशिवाय दिवस काढावे लागले. पुढं त्या नवऱ्याकडे परतल्या, आणि ख्रिस्ती झाल्या त्या नवऱ्यानं सांगितलं म्हणून नव्हे, स्वतः विचार करून. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं की त्या टिळकांना कितीदा माफ करतात, आणि ते करताना एकही हकिगत लपवत नाहीत. फिलोमिनाच्या फार आधी, आपल्याच भाषेत.

माणसामाणसातली क्षमा पडद्यावर कशी दिसते याचा मला सर्वांत आवडलेला तुकडा 'द ट्री ऑफ लाइफ'मधला आहे. २०११ साली कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला टेरेन्स मॅलिक यांचा सिनेमा; टेक्ससमधलं एक ख्रिस्ती घर, कडक बाप, प्रेमळ आई, तीन मुलगे. थोरला जॅक धाकट्याला छर्ऱ्याच्या बंदुकीच्या तोंडावर बोट ठेवायला लावतो आणि चाप ओढतो. धाकट्यानं विश्वासानं बोट ठेवलेलं असतं. नंतर जॅक त्याच्याकडे जातो. देवाकडे नाही, आईकडे नाही, त्याच्याकडे. एक लाकडी फळी त्याच्या हातात देतो, मार मला. धाकटा फळी उगारतो, हसतो, मारत नाही. जॅक त्याच्या दंडाची पापी घेतो आणि धाकटा ती लगेच पुसून टाकतो. भावाभावांत असतं तसंच. पुसून टाकतो, आणि झालं.

शिन-एला असं कुणी फळी आणून दिली नाही. सिनेमाच्या शेवटी ती रुग्णालयातून सुटून केस कापायला जाते. केस कापायला पुढं येते ती त्या खुन्याची मुलगी. सुधारगृहात ती हे काम शिकलीय. पोरीच्या डोळ्यांत पाणी येतं, कात्री चालू असते, दोघीही आरशात एकमेकींकडे बघतात. शिन-ए अर्धे केस कापलेले तशीच उठून चालू लागते.

घरी येऊन ती अंगणात खुर्ची टाकून बसते आणि स्वतःच उरलेले केस कापायला लागते. फाटकातून जोंग-चान येतो. हा गावातला गाड्या दुरुस्त करणारा माणूस, पहिल्या दिवसापासून तिच्या मागं मागं. तिच्यासाठी म्हणून चर्चमध्ये जायला लागला होता आणि तिनं सोडल्यावरही जातोच आहे. तो काही समजावत नाही. आत चला म्हणत नाही. तिच्यासमोर आरसा धरून उभा राहतो. कापलेले केस वाऱ्यानं अंगणात सरकत जातात, आणि कॅमेरा त्यांच्यामागून जाऊन ओल्या, कचऱ्यानं भरलेल्या जमिनीच्या एका कोपऱ्यावर थांबतो. तिथं थोडं ऊन पडलेलं आहे.